शेपटीखालच्या दोन पिशव्या

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हा काटेवाडीत तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे करत ही वाट शेळगाव फाट्यावरून निमगाव केतकीकडे जाते. नीरा डाव्या कालव्याचं पाणी पोहोचलं तिथं ऊस, त्याच्या पलीकडे माळ आणि मेंढरं. या पट्ट्यात कुत्र्यावाचून वस्ती सापडणं अवघड. गोठ्यापाशी एक, डाळिंबाच्या बागेत एक, मेंढरांच्या वाड्यावर दोन-तीन. शेळगावच्या वस्तीवरचं कुत्रं रात्रभर भुंकून रान राखतं. त्याच्या अंगावरच्या गोचिड्या कुणीतरी कधीतरी काढतं, पायात बाभळीचा काटा भरला तर तोही काढतं. शेपटी उचलून मात्र कुणी बघत नाही.

मग एके दिवशी ते कुत्रं पुढचे दोन पाय टेकवून, मागचे दोन वर धरून अंगणभर बूड फरफटत नेतं. पोरं हसतात. मोठी माणसं म्हणतात, ‘जंत झाल्यात त्याला,’ आणि दुकानातून गोळी आणून भाकरीच्या तुकड्यात कोंबून देतात. जंत असतातही कधी कधी, त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण आपल्या भागात त्यांचा धोका माणसांपर्यंत पोहोचतो. पण बूड घासणाऱ्या कुत्र्याचं दुखणं बहुतेक वेळा वेगळ्याच जागी असतं. ती जागा ज्याला ठाऊक आहे, त्याचं जनावर पुढच्या मोठ्या हालातून वाचतं.

कुत्र्याच्या गुदद्वाराला घड्याळाची तबकडी समजा. बाराचा आकडा शेपटीच्या बुडाशी. मग चारच्या आणि आठच्या आकड्यापाशी, कातडीच्या आत, एकेक लहान पिशवी असते. साध्या कुत्र्यात ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मोठ्या अंगाच्या कुत्र्यात शेंगदाण्याहून थोडी मोठी. गुदद्वार आवळणारे दोन स्नायू असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. पिशवी या दोघांच्या मधोमध बसलेली असते. तिच्या भिंतीतल्या ग्रंथी तेलकट, तपकिरी-पिवळा स्राव तयार करतात आणि तो एका बारीक नळीने गुदद्वाराच्या कडेला बाहेर पडतो. लोक यांना सरसकट ‘ग्रंथी’ म्हणतात. खरं तर ग्रंथी भिंतीत असतात आणि आपण ज्याविषयी बोलतोय ती पिशवी. या प्रकरणात मी तिला गुदपिशवी म्हणणार आहे.

ही पिशवी निसर्गाने कशाला दिली, हे समजायला शेळगावापासून फार लांब जावं लागत नाही. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं गवताळ रान आहे. वनखात्याने अलीकडे तिथं आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली आहे. चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, तरस ही तिथली मंडळी. तरस चालता चालता गवताच्या काडीवर बूड टेकवतो आणि चिकट मलमासारखा पदार्थ तिला फासून जातो. मागून येणाऱ्या दुसऱ्या तरसाला ती काडी हुंगून कळतं, इथून कोण गेलं. लांडग्याच्या गुदपिशवीतला स्राव त्याच्या विष्ठेवर कधी कधी उतरतो आणि कळपाच्या हद्दीची खूण पक्की करतो. अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्यात याच पिशव्या पिचकारीसारख्या चालतात आणि शत्रूला पळवून लावतात. आपला मुंगूसही याच पिशव्यांनी दगडा-खोडांवर वासाची खूण ठेवतो.

कुत्रं हे लांडग्याचंच वंशज. म्हणून दोन अनोळखी कुत्री भेटली की आधी एकमेकांच्या शेपटीखाली नाक घालतात. प्रत्येक कुत्र्याच्या स्रावाचा वास निराळा असतो. आपण माणसं चेहरा बघून ओळखतो, ती मागून हुंगून ओळखतात. घाबरलेल्या कुत्र्याच्या पिशव्या एकदम मोकळ्या होतात. दिवाळीत फटाका फुटल्यावर किंवा दवाखान्याच्या टेबलावर चढवल्यावर अचानक सुकटीसारखा उग्र वास सुटतो, तो याचाच. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. कुत्र्याच्या अंगाचा तो धर्म आहे.

पिशव्या रोज थोड्याथोड्या रिकाम्या होतात त्या विष्ठेच्या दाबाने. बांधलेली, घट्ट विष्ठा बाहेर पडताना दोन्ही बाजूंनी पिशव्यांवर दाब देते, नळीतून चार थेंब बाहेर येतात, काम झालं. या साध्या यंत्रणेवर सगळं अवलंबून आहे. विष्ठा पातळ झाली की दाब पडत नाही. दाब नाही म्हणजे स्राव आत साचतो, पाण्यासारखा होता तो पेस्टसारखा घट्ट होतो, नळीत अडकतो. मग खाज, जडपणा आणि ते बूड घासणं.

आता आपल्या वस्तीवरच्या कुत्र्याचं ताट बघा. सकाळी धार काढली की तांब्याभर दूध त्याच्या भांड्यात, त्यात चपातीचा कुस्करा. संध्याकाळी उरलेला तेल-तिखटाचा रस्सा. घरात दूध आहे, जीव आहे, म्हणून मायेने दिलेलं असतं ते. पण पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवायची त्याची ताकद कमी होत जाते, आणि कित्येक मोठ्या कुत्र्यांना दुधाने पातळ होतं. महिनोन्‌महिने रोज थोडं पातळ. कुणी त्याला जुलाब म्हणत नाही, कारण कुत्रं बांधावर जाऊन येतं आणि बांधावर जाऊन कोण बघणार? गुदपिशव्यांची घरगुती निगा म्हणून जे सांगायचं, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे: विष्ठा घट्ट ठेवा. हातमोजे, दाबणं, पिळणं या गोष्टी फार नंतर येतात, आणि बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत येतच नाहीत.

दूध बंद करा, किंवा अगदीच राहवत नसेल तर थोडं ताक. बाजरी-ज्वारीची भाकरी मैद्याच्या ब्रेडपेक्षा केव्हाही बरी, तिच्यात चोथा असतो. पण नुसत्या भाकरीवर कुत्रं निभत नाही, सोबत उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं मटण-चिकन, तिखट-मिठावाचून, द्यायला हवं. लाल भोपळा उकडून कुस्करा आणि लहान कुत्र्याला चमचाभर, लॅब्राडोर किंवा अल्सेशियनसारख्या मोठ्याला दोन-तीन मोठे चमचे जेवणात मिसळा. भोपळा नसेल तर इसबगोल, लहानाला अर्धा चमचा, मोठ्याला एक-दोन, भरपूर पाण्यात भिजवून. इसबगोल कोरडा देऊ नका. जेवण एका दिवसात बदलू नका, आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर त्या बदलानेच पोट बिघडतं. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. आणि इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला हे आवर्जून सांगायला हवं, की द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मारक ठरतात. बागेतल्या छाटणीच्या, पडलेल्या घडांपाशी कुत्रं मोकळं सोडू नये.

पिशव्या तुंबण्याचं पहिलं कारण पातळ विष्ठा, जाडपणा हे दुसरं. चरबीच्या थरात पिशव्या खोल जातात आणि विष्ठेचा दाब त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरं कारण अंगाची ॲलर्जी. जे कुत्रं सारखं पंजे चाटतं, कान खाजवतं, त्याच्या गुदपिशव्याही वारंवार सुजतात. अशा वेळी मूळ खाजेवर उपचार झाले नाहीत तर पिशवी कितीदा रिकामी केली तरी ती पुन्हा भरते. चौथी गोष्ट जातीची. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या लाखभर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात दर शंभरातल्या साधारण साडेचार कुत्र्यांना गुदपिशवीचा त्रास झाल्याचं त्यात दिसलं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल या जाती त्यात पुढे होत्या, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत प्रमाण लांब तोंडाच्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं. मेंढपाळांच्या सोबतीचं कारवानी कुत्रं लांब तोंडाचं, सडसडीत, दिवसाला कित्येक मैल चालणारं. शिह त्झू आणि पग मात्र आता तालुक्याच्या गावांतल्या घरांतही आले आहेत, सोफ्यावर बसतात, बिस्किटं खातात. ज्यांनी अशी कुत्री आणली आहेत त्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

आता बघायचं कसं. महिन्यातून एकदा, कुत्र्याला अंघोळ घालाल तेव्हा, शेपटी हलकेच वर उचला आणि उजेडात बघा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का? एका बाजूला फुगवटा, लाली, ओल, केस चिकटलेले? बसल्या जागेवरून काही टोचल्यासारखं कुत्रं दचकून उठतं का? एका कुल्ल्यावर कलून बसतं का? शेपटीचं बूड सारखं चाटतं का? घरात माशासारखा वास येतो का? निरोगी जागा कोरडी, सपाट, बिनवासाची असते. एकदा निरोगी काय ते डोळ्यात बसलं की बिघाड ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

धुण्याचं म्हणाल तर साधं आहे. लिटरभर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात चहाचे दीड-दोन चमचे मीठ विरघळवा, स्वच्छ सुती फडकं बुडवून ती जागा पुसा, कोरडी करा. लांब केसांच्या कुत्र्याचे शेपटीखालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड ठेवा, म्हणजे विष्ठा चिकटून राहत नाही. डेटॉल, फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन, गाडीचं जळकं ऑइल यातलं काहीही तिथं लावू नका. खरजेवर काळं ऑइल चोपडायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ते कातडीला भाजतं, आणि कुत्रं चाटतं म्हणजे पोटातही जातं.

पिशवी हाताने रिकामी करण्याविषयी आता लिहितो. ज्या कुत्र्याला काही त्रास नाही त्याची पिशवी कधीही दाबू नका. ‘महिन्याला एकदा दाबून घेतलेलं बरं’ असा समज शहरातल्या कुत्र्यांच्या पार्लरांतून पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. उगाच दाबल्याने नळी सुजते, सूज वारंवार आली की नळी अरुंद होते, आणि ज्या कुत्र्याला आयुष्यभर काही झालं नसतं त्याला खरोखरचा रोग जडतो.

ज्याच्या पिशव्या पुन्हा पुन्हा भरतात आणि ज्याच्या मालकाला पशुवैद्याने शेजारी उभं राहून एकदा शिकवलं आहे, त्याने घरी करायला हरकत नाही. पद्धत अशी. दोन माणसं हवीत. एकाने कुत्र्याचं डोकं काखेत धरायचं. घरचं, ओळखीचं असलं तरी सुती पट्टीने त्याचं तोंड बांधायचं, कारण दुखलं की कुठलंही कुत्रं चावतं. त्याला धाप लागली तर पट्टी लगेच सोडायची, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्याला ती बांधायचीच नाही. दुसऱ्याने हातमोजे घालायचे, शेपटी वर धरायची, चार आणि आठच्या आकड्यापाशी अंगठा आणि तर्जनी ठेवून पिशवी चाचपायची. भरलेली पिशवी बोटाला गोटीसारखी लागते. ओलसर फडकं गुदद्वारावर धरून, पिशवीच्या मागून, खालून वर आणि गुदद्वाराच्या दिशेने हलका दाब द्यायचा. फडकं विसरू नका. स्राव पिचकारीसारखा उडतो आणि कपड्यांचा वास दोन धुण्यांत जात नाही. दोन-तीन दाबांत आलं नाही तर थांबायचं. जोर लावला तर पिशवी आतल्या आत फुटू शकते. तपकिरी-पिवळं, पातळ किंवा थोडं दाटसर आलं तर ठीक. राखाडी, टूथपेस्टसारखं घट्ट आलं तर स्राव तुंबलेला आहे. हिरवट-पिवळा पू किंवा रक्त दिसलं तर पुढचा दाब देऊ नका, दवाखाना गाठा. बाहेरून दाबून पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. पशुवैद्य मोजा घातलेलं, वंगण लावलेलं बोट आत घालून ती व्यवस्थित मोकळी करतात. ते काम घरी करायचं नसतं.

आणि सूज, लाली, गरमपणा दिसत असताना घरी बोटही लावायचं नाही. तुंबलेल्या पिशवीत जंतू वाढले की गळू होतं. कुत्रं जेवण टाकतं, अंग तापतं, शी करताना केकाटतं. दोन-तीन दिवसांत शेपटीच्या बाजूची कातडी जांभळट होऊन फुटते, भोकातून रक्त-पू वाहतो. वस्तीवर अशा वेळी म्हणतात, दुसऱ्या कुत्र्यानं तोडलं, नाहीतर तारेत अडकलं. हळद-तेल भरतात. वरून भोक मिटतं, आत पू तसाच राहतो, आणि पावसाळ्यात त्या जखमेत माश्या बसून किडे पडतात. गोठ्याच्या दारात पडून राहिलेलं, जवळ जाऊ न देणारं कुत्रं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते हाल सांगायला नकोत. दवाखान्यात भूल किंवा गुंगी देऊन पिशवी सलाइनने धुतात, औषध भरतात, वेदनाशामक आणि लागेल तसं प्रतिजैविक देतात, आणि बहुतेक कुत्री आठ-दहा दिवसांत बरी होतात. वारंवार गळू होणाऱ्यांची पिशवी शस्त्रक्रियेने काढतात. त्यात शी आवरण्याचे स्नायू दुखावण्याचा धोका असल्याने तो शेवटचा उपाय.

घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याचं यकृत, जठर, मूत्रपिंड बिघडतं. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी वापरायला भारतात २००६ पासूनच बंदी आहे. औषध दिलेली गुरं मेली आणि ती खाऊन गिधाडं संपली, म्हणून आलेली ती बंदी.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत अजून एक. एका बाजूची टणक, न दुखणारी, महिन्याभरात वाढणारी गाठ, आणि त्याच वेळी कुत्रं नेहमीपेक्षा जास्त पाणी पितं, जास्त लघवी करतं, तर तो गुदपिशवीचा कर्करोग असू शकतो. या गाठीमुळे रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्यातून तहान वाढते. लवकर सापडला तर शस्त्रक्रिया करता येते.

आता जंत. कुत्र्याच्या बुडाच्या केसांत, किंवा ते बसून उठलेल्या पोत्यावर, तांदळाच्या दाण्यासारखे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर ते पिसवांमार्फत होणाऱ्या पट्टकृमीचे. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि कृमी पोटात जातो. जंताच्या गोळीबरोबर पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर दोन महिन्यांत पुन्हा तेच.

याहून गंभीर कृमी डोळ्यांना दिसतच नाही. मेंढरांच्या मुलखात तो असतो. मेंढी-बकरं कापलं की फुप्फुस, काळजाचे टाकाऊ तुकडे कुत्र्यांपुढे टाकायची रीत आहे. त्या तुकड्यांत पाण्याच्या फोडासारख्या गाठी असतील, तर त्यातून एकायनोकोकस नावाचा काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, शेपटीखालच्या केसांना चिकटतात, चाटताना कुत्र्याच्या तोंडाला लागतात. लेकरू कुत्र्याच्या गळ्यात पडतं, त्याच हाताने भाकरी खातं. वर्षानुवर्षांनी त्या लेकराच्या यकृतात किंवा फुप्फुसात गाठ सापडते, तिला डॉक्टर हायडॅटिड सिस्ट म्हणतात, आणि ती काढायला मोठं ऑपरेशन लागतं. कुत्र्याला स्वतःला काहीच होत नाही. म्हणून कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव कच्चे टाकू नका. खोल पुरा, किंवा अर्धा तास चांगले उकळून मगच द्या. मेंढरांत वावरणाऱ्या कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी पशुवैद्याच्या सल्ल्याने, वजनाच्या मापाने, ठरलेल्या अंतराने द्या. शेपटीखाली हात लावल्यावर हात साबणाने धुवा आणि घरातल्या पोरांना ती सवय लावा.

हे सगळं करायच्या आधी कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली पाहिजे, दर वर्षी. काम करताना कुत्रं चावलंच, तर घरचं आहे म्हणून सोडून देऊ नका: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

शेळगाव भागातल्या माणसाला गावाजवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. शस्त्रक्रियेसारखं मोठं काम निघालं तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी राज्यभर १९६२ हा एकच टोल-फ्री क्रमांक आहे. गाय आजारी पडली की आपण हे सगळे दरवाजे ठोठावतो. कुत्र्यासाठीही ठोठावा. आणि आज संध्याकाळी त्याच्यापुढे भाकरी टाकाल, तेव्हा एकदा जवळ बसून, पाठीवरून हात फिरवत, त्याची शेपटी उचलून बघा.